किमोनो रोब: नक्की काय असतो, आणि तो सारखा सुटतो का?

गुडघ्यापर्यंत पोचणारा चकचकीत झगा, पाठीवर छापलेला सारस, कमरेला त्याच कापडाचा पट्टा. 'किमोनो रोब' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो हा. जपानमध्ये याला कुणी किमोनो म्हणणार नाही. म्हणून तो वाईट ठरत नाही. किमोनोवरून निघालेल्या घरगुती झग्यांना युरोपात साडेतीनशे वर्षांची वंशावळ आहे. पण या रोबबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बसलं की समोरून उघडतो, पट्टा घसरतो, कॉलर मागे ओढली जाते, काखेत उसवतो. यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार एकाच गोष्टीतून येते: मूळ किमोनोतला एखादा भाग शिवणाऱ्याने शोभेचा समजून गाळलेला असतो आणि तो नेमका कामाचा असतो. म्हणून रोब विकत घ्यायचा असो की शिवायचा, आधी मूळ वस्त्र समजून घेतलेलं बरं.

एक ठाण, आठ तुकडे

'किरु' म्हणजे अंगात घालणं आणि 'मोनो' म्हणजे वस्तू; किमोनो म्हणजे सरळ अर्थाने 'घालायची वस्तू'. पाश्चात्त्य कपडे जपानमध्ये आले तेव्हा, मेइजी काळात (१८६८ ते १९१२), आपल्या पारंपरिक वस्त्राला वेगळं नाव लागलं आणि हा शब्द त्या अर्थाने रूढ झाला. त्याआधीचं वस्त्र म्हणजे 'कोसोदे', म्हणजे लहान तोंडाच्या बाहीचं. मुळात ते आतून घालायचं वस्त्र होतं, नंतर तेच वरून घालायचं झालं.

किमोनोचं कापड 'तानमोनो' नावाच्या अरुंद ठाणात येतं. पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी बारा मीटरच्या आसपास. एका ठाणात एक किमोनो. कापड फक्त सरळ आडवं-उभं कापायचं, गोलाई कुठेच नाही. तुकडे निघतात आठ: अंगाचे दोन, बाह्या दोन, समोर ओलांडून जाणाऱ्या पट्ट्या दोन, एक कॉलर आणि कॉलरवर बसणारी एक जादा पट्टी. ही शेवटची पट्टी मळते-झिजते ती आधी, आणि तेवढीच काढून बदलता येते. अंगाचा प्रत्येक तुकडा पुढच्या खालच्या कडेपासून खांद्यावरून मागच्या खालच्या कडेपर्यंत अखंड जातो, त्यामुळे खांद्यावर शिवण नसते. पाठीच्या मधोमध मात्र असते.

सगळं धावदोऱ्याने हाताने शिवलेलं. कारण पूर्वी रेशमी किमोनो नीट धुवायचा म्हणजे तो पूर्ण उसवायचा, तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून लांब पट्टी करायची, धुवून ताणून वाळवायची आणि परत शिवायचा. या पद्धतीला 'आराइहारी' म्हणतात. शिवण पक्की नको, उसवता येईल अशी हवी, हा विचार आपल्याला उलटा वाटतो, पण त्याच्यामुळेच एक कापड आईकडून मुलीकडे, मग नातीकडे जाऊ शकलं.

आता ज्या तुकड्यांवर सगळं अवलंबून आहे ते म्हणजे समोरच्या दोन पट्ट्या. त्यांना 'ओकुमी' म्हणतात. बायकांच्या किमोनोची नेहमीची मापं अशी: मागची बाजू शिवणीपासून प्रत्येकी ३०, पुढची प्रत्येकी २४ आणि ओकुमी प्रत्येकी १५ सेंटिमीटर. बेरीज केली तर घेर १३८ भरतो. नितंबाचं माप ९२ असेल तर ४६ सेंटिमीटर कापड एकावर एक येतं. म्हणजे वरचा पदर एका कुशीपासून जवळजवळ दुसऱ्या कुशीपर्यंत पोचतो. स्वस्त रोबमध्ये नेमकी ही ओकुमी गायब असते. कापड वाचतं, आणि समोर हाताच्या वितीएवढीच ओलांड उरते.

जपानी घरात काय घालतात

घरात आराम करायला जपानी माणूस रेशमी किमोनो घालत नाही. त्यासाठी वेगळी वस्त्रं आहेत आणि त्यांतलं सगळ्यात ओळखीचं 'युकाता'. मूळ शब्द 'युकाताबिरा': 'यु' म्हणजे गरम पाणी, 'काताबिरा' म्हणजे तागासारख्या कापडाचं एकेरी वस्त्र. वाफेच्या स्नानात खानदानी लोक ते अंगावर ठेवत. एदो काळात (१६०३ ते १८६८) सुती कापड सर्रास मिळू लागलं, सार्वजनिक स्नानगृहं वाढली, आणि युकाता न्हाऊन बाहेर आल्यावर अंगावर घ्यायचं वस्त्र झालं. अंग पुसायचं, घाम टिपायचं, वारा खेळू द्यायचा, हे त्याचं काम. आजच्या भाषेत सांगायचं तर बाथरोब आणि लाउंजवेअर एकत्र.

आज जपानी पारंपरिक निवासात, म्हणजे र्‍योकानमध्ये, खोलीत घडी करून ठेवलेलं मिळतं ते हेच. ते घालून जेवायला जाता येतं, झोपता येतं, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात रस्त्यावरही हिंडता येतं. ह्योगो प्रांतातल्या किनोसाकीत सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि तिथे लोक युकाता आणि 'गेता' म्हणजे लाकडी चपला घालून एकातून दुसऱ्यात जातात. शहरी हॉटेलात मिळणारा युकाता मात्र सहसा खोलीपुरताच असतो.

याच कुटुंबातली आणखी काही मंडळी. 'नेमाकी' हे फक्त झोपायचं, बहुतेक वेळा दुहेरी मलमलीसारख्या सुती कापडाचं. 'जिन्बेई' म्हणजे उन्हाळ्यातला आखूड अंगरखा आणि अर्धी विजार. 'हान्तेन' हा कापूस भरलेला आखूड डगला, थंडीत घरात घालायचा, आणि 'तान्झेन' हा लांब, भरलेला, युकात्यावरून घ्यायचा. आणि एक 'हाओरी', किमोनोवरून घालायचा अंगरखा, जो समोर ओलांडत नाही. छातीपाशी एका छोट्या गोफाने जोडतात. समोरून मोकळा, पट्टा नसलेला जो पातळ झगा जीन्सवर घालायला 'किमोनो' म्हणून विकतात तो खरं तर हाओरीचा नातेवाईक आहे. त्याला पट्टा लावून रोब करायचा प्रयत्न फसतोच, कारण ओलांडायला त्यात कापडच नसतं.

युरोपात गेला आणि ड्रेसिंग गाऊन झाला

सतराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपियनांपैकी फक्त डचांना जपानशी व्यापाराची मुभा होती, नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरून. दरबारात हजेरी लावायला ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जात तेव्हा शोगुनकडून, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाकडून, त्यांना रेशमी, आत कापूस भरलेले झगे भेट मिळत. हॉलंडच्या थंडीत हे झगे इतके आवडले की 'याप्पोन्से रोक', म्हणजे जपानी झगा, ही तिथल्या विद्वान-व्यापाऱ्यांची घरात बसायची खूणच झाली. डच चित्रकार व्हर्मीरच्या १६६९ च्या 'भूगोलतज्ज्ञ' या चित्रातला माणूस असाच झगा घालून नकाशावर वाकलेला आहे. भेटीतून येणारे झगे मागणीला पुरेनात, तेव्हा त्याच बेताचे झगे भारतात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील चिटाच्या कापडात होऊ लागले.

इंग्लंडमध्ये याला 'बॅनियन' म्हणू लागले, तिकडे माहीत असलेल्या वाणी व्यापाऱ्यांवरून. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्सने १६६६ मध्ये स्वतःचं चित्र काढून घेताना असा 'इंडियन गाऊन' चक्क भाड्याने आणला होता. आपल्या 'बनियन' या शब्दाचं मूळही तेच. झगा आखडत आखडत गंजीफ्रॉक झाला, पण नाव राहिलं.

दुसरी लाट जपानची दारं १८५० च्या दशकात उघडल्यानंतरची. १८७० च्या दशकात योकोहामातल्या शिइनो शोबेई यांच्या रेशमाच्या दुकानात परदेशी बायकांसाठी रजईसारखे शिवलेले ड्रेसिंग गाऊन तयार होत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताकाशिमाया या जपानी दुकानाने निर्यातीसाठी जे किमोनो केले त्यांत दोन्ही कुशींना त्रिकोणी कळ्या, म्हणजे जादा तुकडे, घातलेल्या होत्या. कारण सोपं आहे: जपानी पद्धतीने किमोनो अंगाभोवती नळीसारखा बसतो, आणि पाश्चात्त्य बाईला तो घेरदार घागऱ्यासारखा हवा होता. पॅरिसमध्ये सादा याक्को या जपानी अभिनेत्रीच्या नावाने घरगुती किमोनो विकले गेले. रोब हा प्रकार असा दोन्ही बाजूंनी मिळून घडलेला आहे, त्यामुळे 'हा खरा की खोटा' या वादात फारसा अर्थ नाही. नावाचा प्रश्न वेगळा. २०१९ मध्ये किम कार्दाशियनने अंगाला घट्ट बसणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला 'किमोनो' नाव दिलं, तेव्हा क्योटोच्या महापौरांनी पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली आणि शेवटी नाव बदललं गेलं. सैल झग्याला किमोनो रोब म्हणणं आणि त्या शब्दावर मालकी सांगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून स्पष्ट व्हावं.

तो उघडतो का

उभं असताना कुठलाही रोब बरा दिसतो. बसलं की मांड्या पसरतात, घोट्याकडचं कापड वर ओढलं जातं आणि समोरचे दोन्ही पदर बाजूला सरकतात. ओलांड २० सेंटिमीटर असेल तर ती इथेच संपते. म्हणून हिशेब असा ठेवा: रोबचा एकूण घेर नितंबाच्या मापापेक्षा निदान ४५ ते ५० सेंटिमीटरने जास्त हवा. विकत घेताना घेर लिहिलेला नसतो; रोब सपाट पसरून, पुढचे पदर उघडून, खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावी. घालून बघता येत असेल तर आरशासमोर उभं राहण्यात वेळ घालवू नका. खुर्चीवर बसा, एक पाय दुसऱ्यावर टाका, वाकून जमिनीवरची वस्तू उचला.

दुसरं कारण पट्टा. किमोनोवरचा रुंद 'ओबी', म्हणजे कमरपट्टा, दिसतो, पण वस्त्र धरून ठेवण्याचं खरं काम आतल्या साध्या दोऱ्या करतात. त्यांना 'कोशिहिमो' म्हणतात. साधारण दोन मीटर लांब, चार-पाच सेंटिमीटर रुंद, खरखरीत सुती किंवा लोकरी मलमलीच्या. त्या घसरत नाहीत, कारण त्या गुळगुळीत नसतात आणि कमरेभोवती दोनदा फिरतात. दोरीचा खांबाभोवती एक वेढा वाढवला की पकड किती पटीने वाढते हे गुरं बांधणाऱ्याला किंवा होडी बांधणाऱ्याला विचारा. रोबच्या पट्ट्याला मात्र एकच वेढा, आणि तोही सॅटिनवर सॅटिन. तो सुटणारच.

यावर दोन उपाय. एक, रोबबरोबर आलेला पट्टा बाजूला ठेवून मॅट सुती पट्टा घ्यायचा, लांबी कमरेच्या दुप्पट अधिक ६५ ते ७० सेंटिमीटर, आणि दोन वेढे द्यायचे. दोन, आतला बंद. चांगल्या रोबला आतून एक नाडी असते. आतला पदर त्या नाडीने विरुद्ध कुशीला बांधला की वरचा पट्टा सैल पडला तरी सगळं निसटत नाही. नसेल तर स्वतः लावता येते: ३० सेंटिमीटरची एक नाडी आतल्या पदराच्या कडेला कमरेच्या उंचीवर, दुसरी विरुद्ध कुशीच्या शिवणीत आतून.

पट्ट्याचे लूप कुठे आहेत हेही बघा. तयार रोबमध्ये ते सरासरी माणसाच्या कमरेला धरून लावलेले असतात. उंच माणसाला ते बरगडीवर येतात, पट्टा वर ओढला जातो आणि पोटावर कापड फुगतं. लूप उसवून खाली लावणं हे दहा मिनिटांचं काम आहे. पुरुष युकाता बांधताना ओबी पोटाखाली, कटीच्या हाडांवर बांधतात. तिथे तो हाडावर टेकतो म्हणून खाली सरकत नाही. पोट असलेल्याला तर हीच जागा सोयीची.

डावा पदर वर

युकाता असो की किमोनो, बाई असो की पुरुष, आधी उजवा पदर अंगाशी घ्यायचा आणि डावा त्याच्यावर. इ.स. ७१९ मध्ये सगळ्या प्रजेने असंच नेसावं असा दरबारी हुकूम निघाला होता आणि तेव्हापासून तीच रीत. उलट नेसवतात ते मृतदेहाला, त्यामुळे जपानमध्ये हे चुकलं तर कुणीतरी हळूच येऊन सांगेल. लक्षात ठेवायची खूण: नीट नेसलेलं असेल तर उजवा हात छातीपाशी सहज आत जातो.

इथे रोब शिवणाऱ्यांची एक ठरलेली चूक आहे. पाश्चात्त्य बायकांच्या शर्टात उजवी बाजू वर येते. त्याच सवयीने रोबची आतली नाडीही डाव्या पदराला लावलेली असते, म्हणजे डावा आत जाणं भाग पडतं. स्वतःच्या घरात कसंही घातलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण र्‍योकानमध्ये जायचं असेल तर हात आधीपासून योग्य दिशेला वळलेला बरा.

बांधायची पद्धत: बाह्या घालून झाल्यावर कॉलरची दोन्ही टोकं समोर एका हातात जुळवून धरा आणि दुसऱ्या हाताने पाठीची शिवण कण्यावर आहे का ते चाचपा. घेराची उंची घोट्याशी ठरवा. उजवा पदर डाव्या कुशीकडे न्या, त्याचं खालचं टोक जरा वर उचला, नाहीतर चालताना ते पायात येतं. मग डावा पदर वर. पट्ट्याचा मध्य पोटावर ठेवून दोन्ही टोकं मागे नेऊन फुली मारून पुढे आणा, गाठ समोर बांधा आणि बाजूला सरकवा. लांब पडलं तर बायका जादा कापड कमरेपाशी दुमडून पट्ट्याखाली घेतात. या दुमडीला 'ओहाशोरी' म्हणतात, आणि तिच्याचमुळे बायकांचा किमोनो मुद्दाम उंचीइतका लांब असतो. पुरुषांच्या किमोनोत ही दुमड नसते, तो मापाचाच शिवतात.

कापड

सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. बाजारातलं बहुतेक सॅटिन पॉलिएस्टरचं असतं. पॉलिएस्टर हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही शोषत नाही. सूत ८ टक्क्यांच्या आसपास, रेशीम ११, लिनन आणि व्हिस्कोज त्याहून थोडं जास्त. न्हाऊन आल्यावर पॉलिएस्टरचा रोब पाठीला चिकटतो तो याच्यामुळे. आंघोळीनंतर घालायचा असेल तर सूत, लिनन किंवा दोन्हींचं मिश्रण. वॅफल विणीचं कापड त्यातल्या खळग्यांमुळे पाणी लवकर टिपतं आणि अंगाला पूर्ण टेकत नाही. दुहेरी मलमल झोपायला उत्तम, पण तिच्यात नख-अंगठी अडकते. व्हिस्कोज छान पडतं, झुलतं. ओलं झालं की मात्र त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून पिळायचं नाही.

रेशमाचं वजन 'मोम्मे'त मोजतात, आणि हे मापही जपानीच. कापडाच्या बाबतीत एक मोम्मे म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. १६ मोम्मेचं रेशीम पातळ, थोडं आरपार दिसणारं. १९ म्हणजे साधारण ८२ ग्रॅम, २२ म्हणजे ९५. रोबला १९ च्या खाली जाऊ नये. शिवणीपाशी धागे सरकू लागतात, विशेषतः नितंबापाशी, बसताना.

युकात्याचं चांगलं सुती कापड ओळखायची एक खूण आहे. 'चुसेन' पद्धतीत घडी घातलेल्या कापडातून रंग आरपार ओततात. त्यामुळे कापडाला उलटी बाजू राहत नाही. कॉलर उलटून पाहिली तर आतही तीच नक्षी, तितकीच गडद, रंगांच्या कडा किंचित पाझरलेल्या. छापील कापडात आतली बाजू फिकट.

शिवायचा असेल तर

सगळे तुकडे आयताकृती असल्यामुळे पेपर पॅटर्न लागत नाही. खालची मापं नितंब १०० सेंटिमीटरपर्यंतच्या, खांद्यापासून ११५ लांबीच्या रोबची आहेत. ११० पन्ह्याचं सुती कापड ३.२ मीटर घ्या आणि कापायच्या आधी धुवून, वाळवून, इस्त्री करा. सूत ३ ते ५ टक्के आटतं. आटल्यावर पन्हा १०५ आणि लांबी तीन मीटर उरेल असं धरून बेत केला आहे. शिवणीला माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, दीड सेंटिमीटर, खालच्या कडेला ४.

कापडाच्या पहिल्या २३८ सेंटिमीटर लांबीत शेजारी-शेजारी: अंग ६५ रुंद आणि पूर्ण २३८ लांब, ओकुमीची पट्टी १८ रुंद, तिचे मधोमध कापून ११९ चे दोन तुकडे, कॉलर १५ रुंद. कडेला ७ सेंटिमीटरची चिंधी उरते, तिच्यातून लूप आणि आतल्या नाड्या. पुढच्या ५९ सेंटिमीटरमध्ये बाह्या, ३३ रुंदीच्या दोन, आणि त्यांच्या शेजारी पट्ट्यासाठी ११ रुंदीच्या तीन चिंध्या. कॉलरला १६० पुरतात. उरलेले ७८ सेंटिमीटर ११ रुंदीला कातरून पट्ट्याला जोडले की पट्टा २४० च्या वर जातो, म्हणजे दोन वेढ्यांचा.

अंगाच्या तुकड्याच्या मध्यावर, ११९ वर, खांद्याची रेघ मारा. गळ्याचा काप या रेघेवर घ्यायचा नाही, तिच्या मागे २ सेंटिमीटरवर घ्यायचा, मध्यापासून दोन्हीकडे ९-९. एवढीशी गोष्ट, पण हीच गाळल्यामुळे कॉलर मानेवर दाबते आणि अख्खा रोब मागे ओढला जातो. मग पुढचा भाग खालच्या कडेपासून त्या कापापर्यंत मधोमध कापा. ओकुमी दोन्ही पुढच्या कडांना जोडा. एकूण घेर १५१ भरेल.

आता कॉलरची तिरकी रेघ: गळ्याच्या कापाच्या टोकापासून, पुढच्या भागावरून, ओकुमीच्या बाहेरच्या कडेपर्यंत, खांद्याखाली ६५ सेंटिमीटरवर. रेघेबाहेर ५ सेंटिमीटर माया ठेवून बाकीचं कापा. ही माया कॉलरच्या पोटात जाते आणि कॉलरला जोर येतो. वेगळं कॅनव्हास लागत नाही. ही कड तिरक्या धाग्यावर असल्यामुळे हातात घेतली तरी लांबते, म्हणून कापल्या-कापल्या रेघेवर एक कच्ची टीप मारून घ्या. कॉलर पाठीच्या मध्यापासून टाचायला सुरुवात करा आणि दोन्हीकडे खाली या. कापड ताणलं गेलं तर कॉलरला लहरी पडतात. उलट कॉलर ताणली गेली तर पुढची टोकं वर चढतात आणि घेर समोरून आखूड दिसतो. शिवून झाल्यावर कॉलर ६ सेंटिमीटर रुंद दुमडून आतून हातशिलाई करा.

बाह्या अंग सपाट असतानाच जोडा, बाहीचा मध्य खांद्याच्या रेघेवर. मग बाहीची खालची शिवण. कुशीची शिवण मात्र लगेच सुरू करायची नाही. बाहीच्या जोडाखाली ६ सेंटिमीटर उघडं ठेवा आणि कडा दुमडून घ्या. बायकांच्या किमोनोत ही फट असते, तिला 'मियात्सुगुची' म्हणतात. हात वर केला की काखेच्या कोपऱ्यावर येणारा ताण या फटीमुळे नाहीसा होतो, वाराही खेळतो. उघडं नको असेल तर तिथे १० बाय १० ची चौकोनी कळी घाला. दोन्ही न करता कोपरा सरळ शिवला तर पहिलं उसवणार ते तिथेच. जाता जाता, शिवणकामात ज्याला 'किमोनो स्लीव्ह' म्हणतात ती अंगातच कापलेली बाही असते. खऱ्या किमोनोची बाही नेहमी वेगळी जोडलेली असते.

जुना किमोनो रोब म्हणून

जुने रेशमी किमोनो निर्यात होतात आणि घरात घालायला सुंदर असतात, पण निवडताना दोन प्रकार टाळा. पूर्ण काळा, कुठेही नक्षी नाही आणि छाती, बाह्या, पाठ मिळून पाच पांढरी कुलचिन्हं असलेला किमोनो हा सुतकात, अंत्यविधीला घालायचा असतो. आणि घेराला जाड गादीसारखी कड असलेला भरजरी 'उचिकाके' हा नवरीचा, वरून मोकळा सोडायचा झगा. त्याला पट्टा बांधायचाच नसतो, वजनही फार.

माप बघताना पाठीच्या मध्यापासून मनगटापर्यंतचं अंतर विचारा. जुन्या किमोनोंत ते बऱ्याचदा ६२-६४ असतं आणि उंच माणसाची मनगटं बाहेर राहतात. लांबी जास्त असली तर कापू नका. कमरेपाशी आडवी चूण घालून आतून टाचा, पट्ट्याखाली ती दिसत नाही. लाल रेशमी अस्तर असेल तर पांढरा ओला रुमाल आतून दाबून बघा. रंग लागला तर तो घामानेही सुटणार. चिरिमेन, म्हणजे दाणेदार क्रेप, घरी पाण्यात घालू नये. त्याच्या धाग्याला मुद्दाम जबर पीळ दिलेला असतो आणि पाणी लागलं की तो आखडतो.

सुती युकाता मात्र बिनधास्त धुवावा: बाह्या आत घेऊन घडी करून जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यात. वाळवताना बाह्यांमधून सरळ काठी घाला. साध्या हँगरवर खांद्याला टेंगूळ येतं, कारण या कपड्याला खांदाच नसतो.

एक धोका गंभीर आहे: रुंद बाही आणि आच. सूत आणि व्हिस्कोज भराभर पेटतात, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. जपानी बायका स्वयंपाक करताना 'तासुकी' नावाच्या दोरीने बाह्या मागे बांधत, ती युक्ती रोबलाही चालते. सव्वादोन-अडीच मीटरची सुती दोरी घ्या. एक टोक दातात धरा. दोरी डाव्या काखेखालून पाठीवर, तिथून उजव्या खांद्यावरून पुढे, उजव्या काखेखालून पुन्हा पाठीवर आणि डाव्या खांद्यावरून पुढे आणा. प्रत्येक वेळी काखेखालून जाताना बाही दोरीत गोळा होऊ द्या. दातातल्या टोकाशी डाव्या खांद्यापुढे सुटगाठ मारा. पाठीवर फुली दिसली आणि दोन्ही कोपर मोकळे झाले की बरोबर बांधलं.